धुक्यातलं भांडण

माझ्या नवऱ्याला कॉफी लागते आणि माझ्या माहेरी कॉफी कुणी पीत नाही. तुम्ही हसाल, पण सगळं सुरू झालं ते एवढ्यावरूनच.

थंडीच्या सुट्टीत आम्ही दोघं आईकडे राहायला गेलो होतो. मी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांशी माझं कधी फारसं जमलं नाही, त्यामुळे मी काही मुद्दाम रंगवून सांगत नाहीये हे आधीच सांगून ठेवते. शाळेला सुट्टी होती, ह्यांनी रजा टाकली होती, आणि बऱ्याच वर्षांनी आठवडाभर माहेरी लोळायचं, आयतं खायचं आणि दादाशी भांडायचं, एवढाच बेत होता.

माहेरचं घर तलावाच्या काठावर आहे. मागच्या दारातून उतरलं की लाकडी धक्का आणि धक्क्याला बांधलेली दादाची होडी. आजोबांपासून आमचा हाच धंदा. माणसं, दुधाचे कॅन, सायकली, एकदा तर एका नवरीचं अख्खं कपाट, काय म्हणाल ते आम्ही पलीकडे पोचवलंय. आता वरच्या अंगाला पूल झालाय. पण पुलावरून जायचं तर भलामोठा वळसा पडतो, म्हणून दादाचं अजून भागतं. समोरच्या काठावर बाजार आहे. डावीकडे तलाव निमुळता होत जातो आणि टोकाला बंधारा. बंधाऱ्यावरून पाणी खाली खडकांवर पडत असतं. होडी तिकडे ओढली गेली तर परत येत नाही, हे आमच्या घरातलं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. तिकडे ना घर, ना वाट, ना कुणाचं शेत.

आमच्या घराबद्दल आणखी एक सांगायला हवं. इथं कुणी कुणाशी गोड बोलत नाही. माया नाही असं नाही, उलट जरा जास्तच आहे, पण ती करायची ओरडून. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा ह्यांना वाटलं होतं की घरात वाटण्या चालल्या आहेत. प्रत्यक्षात आम्ही चादरी कोणत्या काढायच्या ते ठरवत होतो.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि ह्यांनी चहाच्या कपाकडे असा काही चेहरा करून पाहिलं की वहिनीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"जावईबापूंना कॉफी हवीय," ती म्हणाली.

"अहो, नको नको. चहा चालतो मला."

"चालतो आणि आवडतो यात फरक असतो," दादा उठलाच. "मास्तरीण, तुझ्या नवऱ्याला साधं खोटंसुद्धा बोलता येत नाही. कसा संसार करतेस गं?"

"तुझ्यासारखा भाऊ सांभाळलाय, त्यापुढे संसार म्हणजे काहीच नाही," मी म्हटलं.

मुंगी त्याच्यामागे निघाली. मुंगी म्हणजे दादाची सात वर्षांची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथं हजर, म्हणून मुंगी. वहिनीनं तिच्या डोक्यावर लाल लोकरीची टोपी खसकन ओढली, दोघांना "ऊन आहे तोवर या, उगाच कट्ट्यावर गप्पा छाटत बसू नका" असं बजावलं आणि होडीचं इंजिन फटफटत समोर निघून गेलं. मी धक्क्यावर बसून संत्री सोलत होते. ऊन पाठीवर छान लागत होतं.

आमच्याकडे धुकं पहाटे येतं आणि उन्हं वर आली की जातं. त्या दिवशी ते दुपारी आलं. मी सालं पाण्यात टाकायला वाकले आणि मान वर केली तर डावीकडचा काठ दिसेना. बंधाऱ्याच्या बाजूनं पांढरं काहीतरी पाण्याला घासून पुढे येत होतं. वारा अजिबात नव्हता. बघता बघता पाण्यातले खांब गेले, मग धक्क्याचं टोक गेलं, मग माझ्या हातातलं संत्रं मला जेमतेम दिसायला लागलं. वास आला तो ओल्या राखेचा. बंधाऱ्याच्या पाण्याचा आवाज एरवी डावीकडून येतो, तो आता सगळीकडून यायला लागला. मी उठून आत गेले.

वहिनी फोन लावत होती. दादाचा फोन वाजला तो स्वयंपाकघरात. चार्जिंगला लावून तसाच ठेवून गेला होता.

"या माणसाला मी..." वहिनीनं पुढचं गिळलं आणि बाजारातल्या दुकानदाराला लावला. तो म्हणाला, केव्हाच निघाले. पोचले नाहीत का अजून?

वहिनी मागच्या दाराकडे धावली. धक्क्यावर खांबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असतो. शाळेत घंटा म्हणून असतो तसा. धुकं पडलं आणि घरचं कुणी पाण्यावर असलं की तो वाजवायचा. प्रत्येक घराची आपली आपली रीत असते. आमची म्हणजे दोन टोले, जरा दम, मग एक. पाण्यावरचा माणूस इंजिन बंद करतो, कारण त्या फटफटीत काही ऐकू येत नाही, आणि टोल्यांच्या रोखानं वल्हवत येतो. होडी धक्क्याला टेकेपर्यंत हात थांबवायचा नाही. आणि दुसरा कुणी टोले देत असेल तर त्याच्यासाठी तर मुळीच थांबायचं नाही. हे सगळं आम्हाला पाठ. जावयाला कोण शिकवणार?

वहिनी बराच वेळ टोले देत होती. तिचे हात भरून आले तेव्हा ह्यांनी हातोडा घेतला. "मी देतो वहिनी, तुम्ही जरा बसा," असं म्हणून अगदी मनापासून सुरू केलं. दोन, दम, एक. आमच्या ह्यांना ताल फार छान कळतो. जेवणाचं टेबल, गाडीचं स्टिअरिंग, माझी पाठ, जे समोर असेल ते वाजवत असतात. मी घोंगड्या आणि गरम पाण्याची तयारी करायला घरात गेले. आई गुडघ्याला शेक घेत पलंगावर पडली होती. मी चूल पेटवली, पाणी चढवलं आणि टोले ऐकत उभी राहिले.

थोड्या वेळानं मला वाटलं की टोले भराभर पडताहेत. दोन, एक, दोन, एक. मधे दमच नाही. मग ह्यांनी मधेच काहीतरी निराळंच वाजवलं, आणि ते निराळंच पुन्हा ऐकू आलं, जरा लांबून.

"दोन जण कोण वाजवतंय?" आई पलंगावर उठून बसली होती.

"पलीकडून कुणीतरी मदत करत असेल."

"पलीकडून नाही तो आवाज," आई म्हणाली आणि काठी न घेताच उठली. गुडघ्यामुळे संडासापर्यंत जायला जिला माझा हात लागतो, ती माझ्या आधी धक्क्यावर पोचली.

हे खुशीत होते. "ऐकलंत का आई? तिकडूनही साथ मिळतेय. मी देतो तसं अगदी तंतोतंत परत येतंय. मी थांबलो की ते, ते थांबले की मी..."

"थांबलात? तुम्ही थांबलात त्याच्यासाठी?"

"म्हणजे... आळीपाळीनं..."

आईनं त्यांच्या हातातून हातोडा काढून घेतला. जावयाला आजवर तिनं कधी अरेतुरेसुद्धा केलं नव्हतं. आमचा रूळ खांबावर हलत होता, पण वाजत नव्हता.

डावीकडून आलं. टण्, टण्. दम. टण्.

आमचीच रीत, एका टोल्याचा फरक नाही. वाजवणाऱ्याचा हातही जणू आमच्याच घरातला. आणि तो बंधाऱ्याच्या बाजूला होता.

"तिकडे कोण आहे?" ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

त्याच वेळी पाण्यावरून वल्ह्यांचा आवाज आला. दादाच्या डाव्या वल्ह्याची खुंटी करकरते, वर्षभर तेल घालतो घालतो म्हणतोय. ती करकर समोर होती. मग जराशी डावीकडे. मग आणखी डावीकडे... शांतपणे, एका लयीत, घरी निघालेला माणूस वल्हवतो तशी.

"अहो!" वहिनी जिवाच्या आकांतानं ओरडली. "इकडे! अहो, इकडे या!"

क्षणभर काहीच नाही. नुसतं पाणी.

मग डावीकडून, धुक्यातून, वहिनीचाच आवाज आला. हळू, अगदी मायेनं.

"अहो... इकडे... इकडे या..."

वहिनीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ती खाली बसली. मला गणित येतं म्हणून सांगते, अशा वेळी डोक्यात एकही विचार येत नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की मुंगी त्या होडीत आहे आणि होडी वळतेय. मी ओरडायला तोंड उघडलं तर आईनं माझा दंड धरला.

"टोले त्यानं उचलले, आता हाकाही मारू नका. हाका त्यालाही मारता येतात."

"मग करायचं काय?"

"भांडा," आई म्हणाली.

मी दंड सोडवायला गेले.

"भांडा म्हणतेय ना! मी नवी सून होते, तुझे बाबा असेच पाण्यावर होते. सासूबाई इथं उभ्या राहून मला वाट्टेल ते बोलल्या. माझ्या आईबापांचा उद्धार केला. मी चार दिवस रडत होते. मग तुझ्या बाबांनी सांगितलं, त्या ओरडण्यावरूनच मी घरी आलो म्हणून. त्याला आवाज जमतो. भांडण नाही जमत. त्याला नुसतं बोलवायचं असतं." आईला धाप लागली होती. "भांडा गं, लवकर!"

आता गंमत बघा. ज्या घरात मिठाच्या डब्याच्या झाकणावरून भांडण होतं, तिथं कुणाला काही सुचेना. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही... तुमची भाजी जरा खारट झाली होती." डावीकडे वल्हं करकरलं.

"खारट?" वहिनी म्हणाली. मग ती उभी राहिली. "खारट झाली होती? दोनदा वाढून घेतलीत वन्सं, तेव्हा नाही लागली खारट? वर्षातून चार दिवस यायचं, पाय पसरून बसायचं, आणि जाताना नावं ठेवायची!"

"पाय पसरून? सकाळी भांडी कुणी घासली?"

"दोन कप घासलेत तुम्ही! दोन! आईंच्या गुडघ्याला रात्री तेल कोण लावतं? औषध कोण आणतं? फोनवर विचारायचं, कशी आहेस गं आई, की झाली लेक मोकळी!"

हे मला लागलं. खरंच लागलं. "मी तिला माझ्याकडे न्यायला तयार आहे! तूच सोडत नाहीस, म्हणतेस लोक काय म्हणतील!"

वहिनीला मी आयुष्यात पहिल्यांदा अगं-तुगं केलं होतं.

"मला कुणी विचारलं का, मला कुठं राहायचंय?" आई कडाडली. "दोघी मिळून माझी पिशवी केलीत, आज इथं ठेव, उद्या तिथं ठेव! आणि तुम्ही हो जावईबापू! कॉफी! चहा पिऊन माणसं मरतात काय? आमची सात पिढ्यांची माणसं चहावर जगली! आणि ते टेबल बडवणं बंद करा, वीस वर्षं डोकं उठलंय माझं!"

हे बिचारे आधी गडबडले, मग त्यांचाही बांध फुटला. "वीस वर्षं मी इथं खाटेच्या तुटक्या बाजूवर झोपतोय! पाठ गेली माझी! एकानं तरी विचारलंय?"

"मग बोलायचं होतंत! तोंडात काय मूग धरले होते?" आई ओरडली.

मी रडत होते, वहिनी रडत होती, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर ओरडत होतो. तिचं लग्नातलं रुसणं निघालं, मी न परत केलेली साडी निघाली, कोणे एके काळी दादाला टायफॉइड झाला तेव्हा मी आले नव्हते ते निघालं. डावीकडचे टोले चालू होते की नाही मला माहीत नाही. ऐकायला सवड कुणाला होती?

"...आणि ते इंजिनसुद्धा तुझ्या नवऱ्यानं मला न विचारता बाबांच्या..."

"माझं नाव का घेतेस गं, मास्तरीण?"

धुक्यातून आधी होडीचं नाक आलं, मग दादाचा वैतागलेला चेहरा, आणि त्याच्या गुडघ्यांमधे बसलेली लाल टोपी. होडी धक्क्याला खाडकन आपटली.

वहिनी पाण्यात उतरली. चपलांसकट, साडीसकट. मुंगीला उचलून छातीशी धरलं आणि तशीच दादाला म्हणाली, "फोन घरी ठेवून जातोस? अक्कल कुठं गहाण टाकलीस?" आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. नवऱ्याला ती कधी एकेरी हाक मारत नाही. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "झालंय काय तुम्हा सगळ्यांना?"

आई तिथंच फळ्यांवर बसली. तिच्या गुडघ्याला आत्ता दुखायची आठवण झाली होती. हे तिला आधार द्यायला वाकले तर तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "जावईबापू, बोलले त्याचं मनावर घेऊ नका. खाट मात्र उद्याच दुरुस्त करून घेते."

मग काय सांगू, असं मोकळं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं. सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसलो. चूल भडकली होती, मुंगीचे ओले कपडे दोरीवर वाफाळत होते, वहिनी कारण नसताना हसत होती. सगळ्यांनी भरपूर साखर घातलेला चहा घेतला. ह्यांनी दोन कप घेतले आणि आता आपल्याला चहाच आवडतो असं जाहीर केलं. कॉफीची पुडी खिडकीत पडली होती, तिला कुणी हात लावला नाही.

दादा सांगत होता. "मधोमध आल्यावर धुकं आलं. इंजिन बंद केलं. आधी टोले एकीकडून, मग दोन्हीकडून. डावीकडचे जास्त स्पष्ट होते, म्हणून तिकडे वळलो. मग आवाज यायला लागले. दोन्हीकडून तुमचेच."

"आमचे? तिकडून काय म्हणत होतो आम्ही?" मी विचारलं.

"ही म्हणत होती, दमलात का हो, सावकाश या, काही घाई नाही. आई म्हणत होती, ये रे माझ्या राजा. आणि तू..." दादा हसायला लागला. "तू म्हणत होतीस, माझा दादा किती गुणाचा."

"मग?"

"मग काय? तिथंच वल्हं थांबवलं. म्हटलं, हे आपलं घर नव्हे."

सगळे इतके हसलो की आईला ठसका लागला. वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "वन्सं, भाजी खरंच खारट झाली होती का हो?" मी म्हटलं, झाली होती. ती म्हणाली, थोडीशी झाली होती खरी. बाहेर धुकं विरळ झालं होतं आणि समोरच्या काठावरचे दिवे दिसायला लागले होते. डावीकडचे टोले थांबले होते. कधी थांबले ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मुंगीला मी चुलीपाशी मांडीवर घेऊन बसले. टोपी काढून तिचे केस पंच्यानं पुसत होते. तिच्या कानामागे साबणाचा वास होता, हात गार होते, आणि ती माझ्या कपातली साखर बोटानं काढून चाटत होती. तिच्या असण्यानं मला इतकं बरं वाटत होतं की मी तिला ओरडलेसुद्धा नाही.

"आत्या," ती म्हणाली, "दुसऱ्या होडीतले पण पोचले असतील ना गं घरी?"

"कुठली दुसरी होडी?"

"आमच्या बाजूनं गेली ती. बाबा पाठमोरे होते, त्यांना दिसली नाही. त्यात पण एक बाबा होते, आणि एक मुलगी. तिची टोपी पण लाल होती."

माझा हात थांबला. पलीकडे दादा आणि हे खाटेवरून चेष्टा करत होते.

"कुठं गेली ती होडी?"

"तिकडे. गोड बोलत होते ना, तिकडे. तिचे बाबा भराभर वल्हवत होते. ती मुलगी मात्र इकडे बघत होती, आपल्या घराकडे. खूप रडत होती. आत्या, आत्या, म्हणून ओरडत होती."

"मग?"

मुंगीनं बोट चाटलं आणि ती माझ्या कुशीत आणखी आत सरकली.

"मग मी तिला सांगितलं," ती म्हणाली, "ती माझी आत्या आहे."